कूलरनं समुद्राला हरवलं तो उन्हाळा

एप्रिल लागला की माझा हात आपोआप फोनकडे जातो. शाळा सकाळची झालेली असते. पोरं पाण्याच्या बाटल्या हलवत घरी गेलेली असतात, मी वर्गाच्या खिडक्या लावत असते, आणि मध्येच थांबून फोन बघते. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, केंद्रप्रमुखांचा एखादा आदेश, नाहीतर आमच्या ह्यांचं ‘येताना दही आण’. तरी एकेक निरोप उघडून बघितल्याशिवाय मी फोन परत पिशवीत टाकत नाही.

यंदा मात्र एक निरोप आलेला होता. ‘बाद फेरी सोमवारपासून. नवीन थीम, नवीन भांडणं. भांडा, पण प्रेमानं.’ वाचून हसायला पाहिजे होतं. मी तिथंच पोरांच्या बाकावर बसले. बाहेर लिंबाखाली गरम वारा पाचोळा फिरवत होता. तो वारा ओळखीचा होता. त्याच वाऱ्यात मी एकदा अर्धापूरहून लातूरला गेले होते, आणि तो रस्ता अजून माझ्यातून संपलेला नाही.

आमची प्रज्ञा तेव्हा लातूरला होती. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत पहिल्या वर्षी तिचे मार्क थोडे कमी पडले, म्हणून दुसऱ्यांदा बसायचं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं, हे आता नीट सांगता येत नाही. ती म्हणाली, “बसते.” हे म्हणाले, “बस की.” मी तिची पिशवी भरली. आमच्याकडे अशी ठरवाठरवी एवढ्या दोन शब्दांतच होते. अर्ध्या मराठवाड्याची पोरं लातूरला जातात, तशी तीही गेली. एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खाली घरमालकीण राहायच्या, सगळ्या पोरी त्यांना काकू म्हणायच्या. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं, आणि खिडकीत एक जुना कूलर.

तो कूलर सुरू झाला की आधी खोकायचा. मग त्याचा पंप गुडगुड करायचा, गवताच्या जाळीवरून पाणी झिरपायला लागायचं, आणि समोरची पट्टी एका ठरावीक लयीत थरथरायची. मी पहिल्यांदा तिथं राहिले तेव्हा त्या आवाजानं मला दुपारी डोळाही लावता आला नाही. प्रज्ञाला मात्र तो आवडायचा. “आई, नीट ऐक,” ती म्हणाली, “ह्याच्यात तीन वेगवेगळे ताल आहेत.” मला एकच ऐकू येत होता, तोही नकोसा.

तिला लहानपणापासून हे वेड. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं डीजेपुढं नाचायची, आणि ही मागं जाऊन स्पीकरच्या वायरी बघत उभी राहायची. पुढं फोनवरच सूर जुळवायला लागली. विजेवर चालणारं, यंत्रातून निघणारं संगीत. त्यात पेटी नाही, तबला नाही, गाणाराही नाही. मला ते फार दिवस गाणं वाटलंच नाही. लातूरला गेल्यावर तिनं ते बंद केलं, किंवा आम्हाला तसं सांगितलं. फोन तिच्याकडे ठेवावाच लागला, कारण क्लासच्या टेस्ट फोनवर यायच्या.

त्या वर्षी मार्चअखेरीला मी रविवारी भेटायला गेले, तर जिन्यातूनच तिचं हसणं ऐकू आलं. मी पायरीवरच थांबले. किती महिन्यांनी ऐकत होते ते! दार ढकललं तर ही पलंगावर मांडी घालून फोनकडे बघून हसते आहे.

“आई, कूलरनं समुद्राला हरवलं!”

मला वाटलं, उन्हानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग तिनं समजावून सांगितलं. ‘विजेवरची गाणी’ नावाचा एक ग्रुप होता. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, कुठकुठली माणसं. कुणी साउंडवाला, कुणी कॉलेजातला, कुणी बँकेतला. ते आपापल्या घरी असलं संगीत बनवायचे आणि एकमेकांना ऐकवायचे. त्यांनी गंमत म्हणून कबड्डीच्या सामन्यांसारखी बाद फेरी लावली होती. एकेक विषय म्हणजे एकेक थीम. अवकाश, पाऊस, कारखाना, समुद्र, आगगाडी, बाजार, अशा कितीतरी. प्रत्येक थीमवर कुणीतरी दोन-तीन मिनिटांचा तुकडा करायचा, मग दोन-दोन थीमची जोडी लावायची आणि सगळ्यांनी मत द्यायचं. हरला तो बाहेर. बक्षीस काही नाही. प्रज्ञानं कुणाला न विचारता कूलर पाठवून दिला होता. ह्याच खोलीतला. त्याचा खोकला, पंप, झिरपणं, पट्टीची थरथर, आणि त्याखाली तिनं स्वतः लावलेला एक खोल, लांबलेला सूर.

“समुद्र काय भारी केला होता एकानं,” ती सांगत होती. “पण देगलूरच्या एकानं लिहिलं, ‘समुद्र कुणी पाह्यलाय का हितं? कूलर तर घराघरात हाय.’ आणि सगळी मतं फिरली!”

तिनं कानातलं यंत्र माझ्या कानाला लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. गाणं आहे की नाही ते मला कळेना. पण ऐकता ऐकता मला एक रिकामी दुपार दिसायला लागली. दारं बंद, पडदे ओढलेले, आणि आत एक पोर कितीतरी वेळ एकटीच बसलेली. मी डोळे उघडले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कसं वाटलं?”

“छान आहे,” मी म्हणाले. “अभ्यास झाला का?”

तिचं हसू लगेच गेलं नाही, पण कमी झालं. आयांची जीभ अशीच वळते. आणि तरी त्याच दुपारी तिनं मलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं. “तुला ह्यातलं काही कळत नाही ना, म्हणूनच तुझं मत पाहिजे,” म्हणाली. ग्रुपवर माझं नाव तिनं ‘प्रज्ञाची आई’ असंच ठेवलं. पलीकडून लगेच निरोप आला, ‘मावशींचं स्वागत. मावशी, लाच घेऊ नका.’ तो लिहिणारा ग्रुप चालवायचा, सगळे त्याला मिक्सरवाला म्हणायचे. आगगाडीची थीम त्याची होती. लातूरला पाणी नव्हतं त्या वर्षी रेल्वेनं पाणी आलं, ती गाडी स्टेशनात शिरतानाची चाकं आणि प्लॅटफॉर्मवरच्या माणसांचा गलका त्यानं तेव्हा फोनवर धरून ठेवला होता.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. आमची अर्धापूरला केळी आहे. एप्रिलात हे घरात असून घरात नसतात. कान सगळा वाऱ्याकडे. उभा घड लागलेला असतो आणि एखाद्या संध्याकाळी वावटळ उठली तर अर्धी बाग आडवी होते.

“परीक्षा तोंडावर आली, अन् मतदान करून राहिली का?” हे म्हणाले. “फोन काढून घे तिचा.”

“हसत होती ओ,” मी म्हणाले.

ते बाहेर जाऊन केळीला लावलेल्या बांबूच्या टेकूंवर हात फिरवून आले. मी फोन काढून घेतला नाही. त्यानंतर मला रोज वाटायचं, आपण चुकलो तर? ती हसतेय म्हणून आपण डोळेझाक करतोय, आणि मार्क आणखी घसरले तर? शाळेत फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मी वळून फोन बघायची. ग्रुपवर कूलर पुढं सरकत होता. बाजाराला हरवलं, मग अवकाशाला. प्रज्ञा तिथं खूप बोलायची, भांडायची, माझी टिंगल करायची. मला फोन केला की मात्र ‘हाव’, ‘न्हाई’, ‘जेवले’. एकाच पोरीच्या दोन पोरी झाल्या होत्या. त्यातली खरी कुठली, ह्याचा मला घोर लागला होता.

कूलर आणि आगगाडी अशी फायनल लागली. ती नेमकी परीक्षेच्याच रविवारी येत होती.

त्याच्या दहा-बारा दिवस आधी एका दुपारी शाळा सुटली, मी खिडक्या लावत होते, आणि ग्रुपवर प्रज्ञाचं वाक्य आलं. ‘फायनलला मी नसेन. माझं मत आत्ताच कुणीतरी लिहून ठेवा.’

खाली कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं. कुणी म्हणालं, पळपुटी. मी ते वाक्य परत वाचलं. मग परत वाचलं. रविवारी पेपर, म्हणून फायनलला नसेन. सरळ अर्थ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण ‘लिहून ठेवा’ हे शब्द मला गिळता येईनात. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सकाळी टेस्टचा निकाल लागणार होता, ते मला तेव्हा आठवलं. खालच्या काकूंना लावला, तर वाजून वाजून थांबला. त्या भाचीच्या लग्नाला औशाला गेल्या होत्या, हे नंतर कळलं. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी आठवडाभर आधीच अभ्यासाला घरी गेलेली. म्हणजे वरच्या मजल्यावर ही एकटी.

ह्यांना फोन केला. ते बागेत होते, फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. “तू निघ,” ते ओरडून म्हणाले. “मी मागून येतो. निघ तू!”

नांदेडहून लातूरची गाडी मिळाली. खिडकीची काच लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर झळा. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. शेजारच्या बाई डब्यातून काकडी देत होत्या, “खा ओ, ऊन लई हाय.” मी काकडी हातात धरून बसले. दर थोड्या वेळानं फोन लावायचा, तीच बाई तोच नंबर बंद असल्याचं सांगायची. रस्त्याला माणूस नाही, जनावर नाही. नुसती उन्हात नांगरून पडलेली काळी रानं. मी त्या रानांकडे बघत मनात एकच बोलत होते, की बाई, तू नापास हो, तू घरी ये, तू काहीही कर.

अहमदपूरच्या अलीकडे एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मावशी, मी शफीक. ग्रुपवरचा मिक्सरवाला. फायनल थांबवलीय मी. प्रज्ञाचं ते वाक्य मला बरं वाटंना. तुमचं बोलणं झालं का तिच्याशी?”

मला आधी रडूच आलं. मग सांगितलं, फोन बंद आहे, मी गाडीत आहे, घरात कुणी नाही.

“मी लातुरातच हाय. पत्ता सांगा, आत्ता जातो.”

ह्या माणसाचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नव्हता. माझी एकटी पोर, रिकामं घर, आणि मी तिचा पत्ता कुठल्याशा ग्रुपवरच्या माणसाला द्यायचा? वर्गात पोरींना वर्षानुवर्षं मी हेच शिकवत आले, की फोनवरच्या अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही. इकडे जीव थांबायला तयार नव्हता, तिकडे शब्द तोंडातून निघत नव्हता.

त्याला ते कळलं असावं. “मावशी, मी खाली गल्लीत थांबतो. वर माझी बायको जाईल. तुम्ही तिच्याशीच बोला,” तो म्हणाला, आणि फोन तिच्या हातात दिला.

“ताई, मी रुबीना,” पलीकडून आवाज आला. “मलाबी पोरगी हाय. फिकर नका करू. पत्ता बोला.”

मी पत्ता सांगितला. सांगून झाल्यावर हातातली काकडी मी नुसतीच कुस्करली होती, हे दिसलं.

नंतरचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, कंडक्टर चहाला उतरला. माझ्या मनात आलं, धावत पुढं निघावं. स्टँडवर उसाच्या रसाच्या यंत्राचे घुंगरू वाजत होते. ते एवढे मोठ्यानं का वाजतायत, असा मला राग आला. गाडी सुटली आणि मग फोन वाजला.

“ताई, दार उघडलं पोरीनं. समोर बसलीय माझ्या. हं, बोल बेटा, अम्मी हाय.”

“आई?” प्रज्ञाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा, घोगरा. “तू कुठं आहेस? आणि ह्या कोण आहेत?”

मला किती काही विचारायचं होतं. तोंडातून निघालं, “जेवलीस का?”

“नाही,” ती म्हणाली, आणि मग फोनवर नुसती रडायला लागली. माझ्या शेजारच्या बाईंनी काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलला टेकून एक सडपातळ माणूस उभा होता. मला बघून त्यानं नुसती मान हलवली आणि वर बोट दाखवलं. वर खोलीचं दार सताड उघडं. प्रज्ञा खाली फरशीवर बसून खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा खात होती, आणि रुबीना तिच्या ताटात आणखी वाढत होती. टेस्टला तिला फार कमी मार्क आले होते. निकाल बघून तिनं फोन बंद केला होता, दाराला कडी लावली होती, आणि पडून राहिली होती. एवढंच तिनं सांगितलं. मी त्यापुढं विचारलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

मी रजा टाकली आणि परीक्षेपर्यंत तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी हे आले. वादळ होऊन गेलं होतं, बागेचा एक कोपरा आडवा झाला होता. ते त्यांनी मला सांगितलं, तिला नाही. आल्या आल्या कूलरची जाळी काढून धुतली, नवं गवत भरलं. मग जिन्यात मला हळूच म्हणाले, “पेपर नाही दिला तरी चालतंय म्हणावं तिला.”

“तुम्हीच सांगा की.”

“मला नाही सांगता येत.”

मी सांगितलं. प्रज्ञानं वडिलांकडे बघितलं. ते जाळीचे खिळे ठोकत होते, मान वर करायला तयार नव्हते. “देते पेपर,” ती म्हणाली. “पण नंतरचं नंतर बघू.” ते म्हणाले, “बघू की.” रुबीना अधूनमधून येऊन जायची. लातुरातल्या एका बाई डॉक्टरकडेही प्रज्ञा आणि मी जाऊन आलो. त्या मार्कांबद्दल काही बोलल्या नाहीत. झोप, भूक, मनात येणारे विचार, असलं विचारत राहिल्या. प्रज्ञा त्यांच्याशी माझ्याशी बोलते त्यापेक्षा जास्त बोलली. आधी मला त्याचं वाईट वाटलं, मग नाही वाटलं.

ग्रुपनं फायनल पुढं ढकलली होती. कुणी घाई केली नाही. पेपर झाल्यावर मतदान लागलं. सगळ्यांना वाटलं, मावशी पोरीलाच मत देणार. मी आगगाडीला दिलं. पाण्याच्या त्या गाडीत शेवटी एक बाई कुणालातरी हाक मारते, ते मला कूलरपेक्षा लांबवर ऐकू येत राहिलं. कूलर थोडक्यात हरला. प्रज्ञानं मला विचारलं, मी खरं सांगितलं. “आई, तू घरभेदी आहेस!” म्हणाली, आणि हसली. ते हसू मी जपून ऐकलं.

मेडिकलला तिचा नंबर लागला नाही. आता ती लातूरलाच फिजिओथेरपी शिकते. बरं चाललंय. कधी फोनवर आवाज उतरलेला असतो, कधी चांगला असतो. मी तिच्या ‘जेवले’मधला जे आणि ले वेगवेगळा ऐकते. ही सवय आता कधी जाणार नाही, एवढं मला कळून चुकलंय.

यंदाच्या बाद फेरीचा निरोप आला त्याच आठवड्यात ती सुट्टीला आली होती. संध्याकाळी आम्ही दोघी बागेत गेलो. नवीन घड धरले होते, पानं वाऱ्यानं फाटून एकमेकांवर सळसळत होती. इतकी वर्षं ओठांपर्यंत आलेलं मी शेवटी विचारलं.

“प्रज्ञा, त्या वेळी तू लिहिलं होतंस ना, फायनलला मी नसेन. ते काय होतं?”

ती चालायची थांबली. मला वाटलं, हसून टाळेल. तिनं टाळलं नाही.

“लिहिताना खरंच पेपर होता डोक्यात, आई. रविवारी पेपर, म्हणून नसेन. पण पाठवल्यावर मी ते वाचलं, आणि मला त्याचा दुसराच अर्थ दिसला. मलाच भीती वाटली. पुसून टाकता आलं असतं.”

“मग?”

“नाही पुसलं. म्हटलं, राहू दे. वाचेल कुणीतरी.”

पलीकडच्या रांगेत हे पाण्याची नळी सरकवत होते. त्यांनी आम्हाला हाक मारली, अंधार पडायच्या आत घरी चला म्हणाले. प्रज्ञानं माझा हात धरला आणि ओल्या बांधावरून मला सांभाळून पुढं नेलं.